गुणाजीच्या गाडीतला लाल दिवा

मित्रांनो, दिवा म्हटलं की तुम्हाला अभ्यासाचा कंदील आठवेल, नाहीतर देवघरातली समई. मी त्यातला नव्हे. मी एका जुन्या पिकअप गाडीच्या डॅशबोर्डवरचा दिवा आहे. पावलीएवढी लाल काच, तिच्यामागे वाटाण्याएवढा बल्ब आणि बल्बला दोन वायरी, एवढाच माझा संसार. माझ्या उजेडात कुणी दोन ओळी वाचल्या नाहीत की कुणाला सुईत दोरा ओवता आला नाही. तरीही अकरा वर्षं एक माणूस रोज सकाळी माझ्याकडे बघून हात जोडत असे. त्याची ही हकिकत आहे. सांगताना मला दम लागतो, कारण मी आता थकलो आहे. दिव्याला कसला थकवा, असं तुम्ही म्हणाल. शेवटपर्यंत ऐका आणि मग म्हणा.

माझा जन्म विलायतेतला. लढाईच्या दिवसांत एका कारखान्यात बायका रांगेने बसून माझ्यासारखे दिवे जुळवत होत्या. माझं काम मला तिथेच नेमून दिलं गेलं. इतर दिव्यांचं कौतुक लागण्यात असतं, माझं विझण्यात. ड्रायव्हरने किल्ली फिरवली की मी लागायचं. इंजिन सुरू झालं, तेल जोराने त्याच्या अंगभर फिरलं, की मी विझायचं. मी विझलो म्हणजे सगळं ठीक. रस्त्यात मधेच लागलो म्हणजे तेलाचा जोर कमी पडला, गाडी ताबडतोब थांबवा. माझी एक वायर किल्लीकडून येते आणि दुसरी इंजिनावरच्या एका लहानशा कळीकडे जाते. तेलाचा हालहवाल ती कळ मला कळवते आणि मी तो ड्रायव्हरला कळवतो. चोवीस तास कुणीतरी आजारी पडण्याची वाट बघत बसायचं, असलं हे काम. आनंदी स्वभावाच्या दिव्याला ते मानवलं नसतं.

माझ्या शेजारी आणखी दोन दिवे होते. बॅटरीचा पिवळा दिवा पहिल्या दोन-तीन वर्षांतच गेला आणि त्याच्या भोकात बाटलीचं बूच बसलं. निळा दिवा मनाला येईल तेव्हा लागे. पाण्याची उष्णता दाखवणाऱ्या तबकडीचा काटा तर 'थंड' या अक्षरांवर असा अडकला होता की वैशाखातल्या दुपारीही तो माघ महिना दाखवी. या सगळ्या मंडळींत खरं बोलणारा मी एकटाच उरलो होतो. हे मी फुशारकीने सांगत नाही. एकट्यानेच खरं बोलत राहायचं म्हणजे जिवाला फार शीण होतो.

लढाई संपली आणि लष्कराने आपल्या गाड्या लिलावात काढल्या. घाटकोपरच्या अनंतरावांनी आमची गाडी घेतली. अनंतरावांचं लग्नकार्यासाठी भांडी आणि मांडव भाड्याने देण्याचं दुकान होतं. मोठी तपेली, पराती, घंगाळी, कनाती, बांबू आणि सतरंज्या असं सगळं सामान आम्ही वाहू लागलो. मुलुंडपासून अंधेरीपर्यंत कुठे लग्न असलं की आमची गाडी आदल्या दिवशीच दारात उभी. गाडी चालवायला अनंतरावांनी मालवणकडचा एक माणूस ठेवला. तोच गुणाजी.

गुणाजी बोलायला कमी आणि ऐकायला तयार. हॉर्न, गियर, ब्रेक यांचे आवाज तो कान देऊन ऐके. पहिल्याच दिवशी त्याने आपल्या गावच्या देवीची पत्र्याच्या चौकटीतली लहानशी तसबीर आणली आणि नेमकी माझ्या डोक्यावर बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने किल्ली फिरवली. मी लागलो. माझा लाल उजेड देवीच्या पायांवर पडला. गुणाजीने हात जोडले आणि म्हणाला, "आये, तुझो दिवो पेटलो. आता गाडी तुझ्या हातात." मग त्याने इंजिन सुरू केलं. मी नेमाप्रमाणे विझलो. तेव्हा तो गियर टाकता टाकता म्हणाला, "चला. आयेन हुकूम दिल्यान."

तेव्हापासून हा रिवाज पडला. दिवा लागला की हात जोडायचे, दिवा विझला की निघायचं. हाताखालच्या हमालांना तो एकच नियम सांगे, "दिवो इझूक नाय तर गाडी हलवची नाय." आणि खरोखर एकदोन वेळा मी विझलो नाही तेव्हा त्याने उतरून बॉनेट उघडलं, सळई घालून तेल मोजलं, सीटखालच्या डब्यातलं तेल ओतलं आणि पुन्हा किल्ली फिरवली. देवी आणि तेल या दोन गोष्टी गुणाजीच्या मनात एकाच खुंटीला टांगलेल्या होत्या. त्याला त्यात काही अडचण वाटत नसे. मलाही वाटत नसे. दसऱ्याला तो सगळ्या डॅशबोर्डला हळदकुंकू वाही, पण माझ्या काचेला बोट लागू देत नसे. उलट धोतराच्या सोग्याने ती पुसून घेई. माझी इतकी निगा विलायतेतही कुणी राखली नव्हती.

काही वर्षांनी अनंतराव वारले. दुकान त्यांच्या पत्नी, नलिनीबाई, बघू लागल्या. बाई करारी, हिशेबी आणि बोलायला सडेतोड, पण मनाने वाईट नव्हत्या. त्या गुणाजीला एकदा म्हणाल्या ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "गुणाजी, दुसरी गाडी घ्यायची माझी ऐपत नाही. माझं दुकान आणि तुमची नोकरी या एकाच इंजिनावर उभी आहेत. ते सांभाळा म्हणजे झालं." गुणाजीने मान डोलावली. माझ्यावर भार पडला आहे हे मला त्या क्षणी कळलं. इंजिनाला सांभाळणारा गुणाजी, आणि गुणाजीला सावध करणारा मी.

पण इंजिनही म्हातारं झालं. अकराव्या वर्षीच्या लग्नसराईत ते तेल पिऊ लागलं. गार असताना ठीक चाले. तापलं, आणि विक्रोळीच्या फाटकाशी आगगाडीची वाट बघत उभं राहिलं, की तेलाचा जोर ओसरायचा आणि मी लुकलुकायचो. मी लुकलुकलो की गुणाजी इंजिन बंद करायचा, उतरायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचा, तेल घालायचा आणि मगच निघायचा. मागे गाड्यांची रांग लागायची, टांगेवाले शिव्या घालायचे. मुलुंडच्या एका लग्नात भांडी तासभर उशिरा पोचली. आचारी चुलाणं पेटवून हात चोळत बसले होते.

दुसऱ्या दिवशी नलिनीबाई स्वतः गाडीपाशी आल्या. "गुणाजी, काल मुलीच्या बापाने माझी चारचौघांत शोभा केली. दर फाटकाला देवीपुढे थांबायला ही गाडी आहे की देऊळ?"

गुणाजीने मान खाली घातली. "वयनी, दिवो लागता. मगे थांबाक होया."

"मग तो दिवाच बिघडला असेल. माणिक मिस्त्रीला दाखवा."

माणिक मिस्त्रीचं गॅरेज घाटकोपरलाच होतं. बारीक अंगाचा, चष्मा कपाळावर चढवून काम करणारा माणूस. आयुष्यात प्रथमच कुणीतरी मला आरोपी म्हणून तपासणार होतं. त्याने आधी माझा बल्ब काढला, कानाशी हलवून बघितला, निळ्याचा बल्ब मला लावून बघितला. मी लागलो. मग त्याने माझी वायर हाताने चाचपत इंजिनापर्यंत नेली, कुठे सोललेली आहे का बघितली. नव्हती. मग कळीवरून वायर सोडवली. मी विझलो. तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं. मी लागलो. काढलं, विझलो. असं त्याने तीनदा केलं. मग नवी कळ आणून लावली आणि इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. तापल्यावर मी पुन्हा लुकलुकलो.

मिस्त्रीने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि सांगितलं, "बाई, दिवा ठीक, वायर ठीक, कळ नवीकोरी. दिवा खरं बोलतोय. बेअरिंगं झिजलीत. इंजिन उघडावं लागेल."

"किती दिवस?"

"महिना धरा."

नलिनीबाईंनी डोळे मिटले. पुढच्या महिन्यात सतरा लग्नं ठरलेली होती. ती हातची गेली तर पावसाळाभर दुकानात बसून माश्या मारायच्या. "वैशाख संपू द्या," त्या म्हणाल्या. "शेवटचा मुहूर्त झाला की दुसऱ्या दिवशी गाडी तुमच्या दारात. तोवर निघेल का?"

मिस्त्री गुणाजीकडे वळला. गुणाजी माझ्याकडे बघत होता. "दिवो सांगात तसा चलवलंय तर निघात," तो म्हणाला.

असा करार झाला. इंजिनाला वैशाख संपेपर्यंत जगवायचं. सगळी मदार माझ्यावर होती. नलिनीबाईंनी उशिराची बोलणी खाल्ली, पण गुणाजीला पुन्हा बोल लावला नाही. गुणाजीने तेलाचे दोन डबे सीटखाली ठेवले. मी डोळ्यांत तेल घालून बसलो. तीन आठवडे निघाले. आठच लग्नं राहिली होती.

आणि गावाहून पत्र आलं. गुणाजीची बायको विमला विहिरीवरून पाणी आणताना घसरली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. घरी दुसरं कुणी नव्हतं. पावसाळा तोंडावर आला की कोकणच्या बोटी बंद होतात, मग गावी पोचायचं तर घाट उतरून दोन दिवस हाल. गुणाजीला लगेच निघणं भाग होतं. त्याने विक्रोळीच्या एका कारखान्यात बदलीवर असलेल्या आपल्या भाच्याला, लवूला, बोलावून घेतलं.

लवू पंचविशीचा, धडधाकट, हात साफ असलेला ड्रायव्हर. मामावर त्याची फार भक्ती. पण त्याने चालवलेल्या गाड्या सगळ्या नव्या, त्यांची देखभाल करायला कारखान्यात निराळी माणसं. गुणाजीने घाईत, इंजिन सुरू न करताच, त्याला शेजारी बसवून गाडी दाखवली. क्लच कसा दाबायचा, दुसरा गियर कसा अडतो, डावं दार कसं लाथ मारून लागतं, सगळं सांगितलं. मग माझ्याकडे आणि देवीकडे बोट करून म्हणाला, "लवू, ह्या आयेच्या दिव्यार नजर ठेव. त्येचा काय बिघाडला तर एक पाऊल फुडे जाव नको. दिवो बरो आसलो की गाडीक काय होवचा नाय."

"होय मामा. जिवापलीकडे सांभाळतो," लवू म्हणाला. आणि ते त्याने खरं केलं.

मी वाट बघत होतो की गुणाजी आणखी एक शब्द उच्चारेल. तेल. तेवढा एकच. पण त्याच्या मनात देवीचा दिवा म्हणजे तेलाचा दिवाच होता. अकरा वर्षं एकत्र असलेल्या गोष्टी वेगळ्या करून सांगायच्या असतात हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. बोटीची वेळ होत आली होती. त्याने देवीला नमस्कार केला, माझी काच सोग्याने पुसली आणि वळकटी उचलून तो भाऊच्या धक्क्याकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवूने आंघोळ करून, कपाळाला गंध लावून किल्ली फिरवली. मी लागलो. त्याने हात जोडले. इंजिन सुरू केलं. मी विझलो. लवूचा चेहरा उतरला.

त्याने इंजिन बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. मी पुन्हा विझलो. तिसऱ्यांदाही तेच. आईपुढचा दिवा आपल्या हाताने विझतो, मामाच्या हाताने विझत नसेल, असं काहीतरी त्याच्या मनाने घेतलं. मामा उंबऱ्याबाहेर पडला नाही तोच दिवा बिघडला, आणि दिवा बिघडला तर एक पाऊल पुढे जायचं नाही. लवू खाली उतरला आणि डोक्याला हात लावून पायरीवर बसला.

तेवढ्यात नंदू आला. मांडवाची रोशणाई करणारा नंदू म्हणजे नलिनीबाईंच्या दुकानातला जुना माणूस. त्या दिवशी त्याच्या रंगीत बल्बांच्या माळा गाडीत चढवायच्या होत्या.

"काय रे, सकाळी सकाळी तोंड का पाडलंस?"

"अरे नंदू, हा आईपुढचा दिवा बघ ना. गाडी चालू केली की विझतो."

नंदूने आत डोकावून बघितलं. "विझतो म्हणजे वायर लूज असणार, दुसरं काय! माझ्या मांडवात एक दिवा विझला तर यजमान माझी वाट लावतात. थांब, पाच मिनिटांचं काम आहे."

मित्रांनो, नंदूच्या धंद्यात विझलेला दिवा म्हणजे बिघाड आणि लागलेला दिवा म्हणजे काम फत्ते. त्याच्याकडून मी निराळी अपेक्षा कशी करावी? तो डॅशबोर्डखाली उताणा झाला. त्याने माझी दुसरी वायर ओढून बघितली, ती पत्र्याला टेकवली. मी लागलो. "हे बघ, लागला!" तो ओरडला. मग त्याने कळीकडे जाणारी वायर पक्कडीने कापली आणि माझ्याकडचं टोक एका स्क्रूखाली, डॅशबोर्डच्या पत्र्याला आवळून टाकलं. इंजिनाचा आणि माझा संबंध तुटला.

लवूने इंजिन सुरू केलं. मी विझलो नाही. मला विझताच येईना. लवूच्या डोळ्यांत पाणी आलं. "नंदू, यार, तू माझ्या मामाची गाडी वाचवलीस," असं म्हणून त्याने त्याला कडकडून मिठी मारली.

आता मी दिवसभर जळू लागलो. देवीच्या पायांवर सतत लाल उजेड. पहिल्या दिवशी हमालांना गुणाजीचा नियम आठवला, पण नंदूने दिवा दुरुस्त केला म्हटल्यावर त्यांनीही हात जोडले. दिवा आता लुकलुकत नाही म्हणजे गाडीचं दुखणं गेलं, असं धरून दुसऱ्या दिवशी नलिनीबाईंनी जास्वंदीचं फूल आणून ठेवलं. "गुणाजींनी बघितलं तर केवढे खूश होतील," त्या म्हणाल्या. फाटकाशी आता इंजिन बंद करून थांबावं लागत नव्हतं, भांडी वेळेवर पोचत होती, आणि लवूचा हात चांगला आहे असं सगळे म्हणू लागले. एका लग्नघरच्या आजी तर मुद्दाम वाकून नमस्कार करून गेल्या. कुणीतरी माझ्या काचेवर कुंकवाचं बोटही उमटवलं.

खोटं कशाला सांगू? पहिले दोन दिवस मला ते आवडलं. अकरा वर्षं मी विझायचं काम केलं होतं आणि ते एकटा गुणाजी सोडला तर कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. आता काहीही न करता मला फुलं मिळत होती. तिसऱ्या दिवशी मात्र इंजिन आतून बारीक ठोकू लागलं, आणि मी देवीसमोर लालभडक जळत होतो, आणि लवू माझ्याकडे बघून समाधानाने गियर टाकत होता. मी जे सांगतो आहे तेच मी कालही सांगत होतो आणि परवाही. मग आज ते वेगळं कसं कळावं? सतत ओरडणाऱ्याची कुणी दाद घेत नाही. त्या दिवसापासून मला हा थकवा आला तो आजतागायत उतरलेला नाही.

गुणाजीच्या बोलण्यात तेल आलंच नव्हतं, त्यामुळे सीटखालचे दोन डबे त्याला सामान वाटले. त्यांना त्याने हातही लावला नाही.

शेवटून दुसरं लग्न बोरीवलीला होतं. गाडी काठोकाठ भरली होती. कुर्ल्यावरून अंधेरी, तिथून घोडबंदरच्या रस्त्याने उत्तरेकडे. दुपारचं ऊन, लांबचा पल्ला. गोरेगाव मागे पडलं आणि इंजिनातली ठकठक वाढली. लवूने एकदा कान टवकारले. पण मागे तपेली आणि पराती एकमेकींवर आपटत होत्या, झाकणं खणखणत होती. त्या गदारोळात आजारी इंजिनाचं कण्हणं कोण ओळखणार? गुणाजीने ओळखलं असतं. लवूने माझ्याकडे बघितलं. मी लागलेला होतो. त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्याने वेग वाढवला.

कांदिवलीच्या अलीकडे एक मोठा आवाज झाला. गाडीने हिसका दिला, चाकं फरफटत थांबली, बॉनेटमधून निळा धूर निघाला. लवूने किल्ली पुन्हा पुन्हा फिरवली. इंजिन जागचं हललं नाही. मी तेवढा लागत राहिलो.

भांडी दोन बैलगाड्यांतून बोरीवलीला गेली. पाहुणे चार वाजता जेवले. आमची गाडी एका लॉरीमागे दोर बांधून माणिक मिस्त्रीच्या दारात आली, ठरल्यापेक्षा सहा दिवस आधी.

मिस्त्रीने इंजिन खोललं. नलिनीबाई पदर डोक्यावर घेऊन उन्हात उभ्या होत्या. मिस्त्रीने इंजिनातला तुटलेला दांडा हातात घेऊन त्यांना दाखवला. "बेअरिंग वितळलं, दांडा तुटून बाहेर आला, इंजिनाच्या ब्लॉकलाच भोक पडलं. बाई, आता उघडून दुरुस्त करायला काही उरलं नाही. आणि या लष्करी गाड्यांची इंजिनं आता बाजारात मिळत नाहीत."

लवू पुढे झाला. "बाई, शपथेवर सांगतो. मी दिव्यावरची नजर काढली नाही. दिवा लागलेला होता. शेवटपर्यंत लागलेला होता!"

मिस्त्री गरकन वळला. "लागलेला होता? आणि तू गाडी चालवत राहिलास?"

लवूला काही कळेना. मिस्त्री गाडीत चढला, डॅशबोर्डखाली हात घालून चाचपू लागला. त्याची बोटं त्या स्क्रूपाशी थांबली. मग त्याने खाली उतरून लवूला माझं काम समजावून सांगितलं. सोप्या शब्दांत, चार वाक्यांत. तेवढंच सांगायचं होतं. ऐकता ऐकता लवूने सीटखालचे दोन भरलेले डबे ओढून काढले आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला. नंदूही तिथेच होता, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

गुणाजी हंगामाच्या शेवटच्या बोटीने परत आला. बायकोचा पाय लाकडाच्या पट्ट्यांत बांधून, शेजारणीच्या हवाली करून तो नोकरीसाठी आला होता. धक्क्यावरून तो आधी दुकानात गेला आणि बातमी कळली तसा नलिनीबाईंबरोबर गॅरेजमध्ये आला. लवू त्याच्या पायांवर पडला. "मामा, तुम्हीच सांगितलंत ना, आईचा दिवा सांभाळ म्हणून? मी सांभाळला हो!"

गुणाजी गाडीभोवती एक फेरी मारून आला. उघड्या बॉनेटमध्ये त्याने बघितलं, भोकात बोट घालून बघितलं. मग लवूजवळ उकिडवा बसला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"चूक तुझी नाय रे, झिला," तो म्हणाला. "मी तुका देवी सांगितलंय. तेल सांगूक नाय."

नलिनीबाई म्हणाल्या, "मीही महिनाभर थांबले नाही, गुणाजी. मिस्त्रींनी तोंडावर सांगितलं होतं." त्यांचा आवाज नेहमीसारखा करारी नव्हता. "आता भांडी हातगाडीने जातील. घाटकोपरपुरतंच दुकान राहील. तुम्हाला काय काम देऊ, मला सुचत नाही."

गुणाजी गाडीत चढला, आपल्या जागेवर बसला. मिस्त्रीकडून पक्कड मागून घेऊन त्याने ती स्क्रूखालची वायर सोडवली आणि कापलेल्या दोन्ही टोकांना पीळ देऊन जोडली. कळीशी माझं नातं पुन्हा जुळलं. काचेवरचं कुंकू त्याने सोग्याने पुसलं. मग किल्ली फिरवली.

मी लागलो. त्याने हात जोडले. "आये," एवढंच म्हणाला. आणि मग जुन्या सवयीने मी विझायची वाट बघत बसला.

मित्रांनो, मी विझावं म्हणून त्या वेळी जेवढी धडपड केली तेवढी उभ्या जन्मात केली नाही. पण फुटक्या इंजिनात तेल कुठून फिरणार? गुणाजी हात जोडून बसला होता, मी जळत होतो, बाहेर तिघेजण बघत होते. शेवटी त्याने हात खाली घेतले आणि किल्ली उलटी फिरवून स्वतःच मला विझवलं.

पुढची हकिकत थोडी आहे. गाडी भंगारात गेली. जाण्याआधी गुणाजीने देवीची तसबीर काढून घेतली आणि मलाही. लवू कारखान्यात परत गेला. माणिक मिस्त्रीने गुणाजीला गॅरेजमध्ये सुटे भाग धुवायला ठेवून घेतलं. पगार निम्मा. विमलाबाई लंगडतात, पण चालतात, असं पत्र आलं आहे. देवी आता गॅरेजच्या भिंतीवर आहे आणि तिच्यापुढे एक पणती असते, तेलवातीची, तिची स्वतःची. मी स्क्रूच्या डब्यात असतो.

मिस्त्रीकडे नवशिके ड्रायव्हर येतात. कुणी आलं की गुणाजी मला डब्यातून काढतो, जुन्या बॅटरीला जोडतो, वायरीचं टोक पत्र्याला लावून मला पेटवतो आणि सांगतो, "हो दिवो तेलाचो. दुसऱ्या कसलो नाय. लागलो तर थांबाचा." देवीचं नाव काढत नाही. त्यांच्याकडून तो ते तीनदा म्हणून घेतो. काहीजण हसतात. तो हसत नाही.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरीदारी कुणी माझ्यासारखं असेल, रोज तेच ते सांगून दमलेलं, तर त्याला फुलं वाहू नका आणि त्याचं तोंडही बंद करू नका. काय झालं, एवढं त्याला विचारा. आणि तुम्हाला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याच्या हाती देताना पुरतं सांगा. आपल्याला कळतं म्हणून त्यालाही कळलं असेल असं धरून चालू नका. गुणाजी भला माणूस होता, लवूही आणि नंदूही. कुणाच्या मनात पाप नव्हतं. तरी गाडी गेली.

शिकवून झालं की गुणाजी वायरीचं टोक पत्र्यावरून उचलतो. मी विझतो. विझताना मला अजूनही बरं वाटतं. आणि मी विझलो की तो सवयीने म्हणतो, "चला." मग मला हातात धरून थोडा वेळ तसाच बसून राहतो, कारण जायचं कुठेच नसतं.